लाल चौकटीतली निळी साडी

धामणगाव बढे,
१८ नोव्हेंबर

प्रिय समू,

जयभीम.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मधल्या सुट्टीत आपण दोघी बाबांचा डबा घेऊन जायचो, ते आठवतं का? बाबा रिकामं लोखंडी घमेलं उन्हासाठी उलटं डोक्यावर घालून विटांच्या थप्पीवर बसलेले असायचे. घमेलं पार नाकापर्यंत यायचं. तू चमच्यानं त्यावर टकटक करून विचारायचीस, ‘‘घरात कोण आहे?’’ आतून उत्तर यायचं, ‘‘गवंडी आहे. घर व्हायचंय अजून.’’ मग तू इतकी हसायचीस की डब्यातलं वरण तुझ्या फ्रॉकवर सांडायचं. दुपारी सिस्टर अ‍ॅग्नेस विचारायच्या, हा डाग कसला, आणि तू ताठ उभी राहून इंग्रजीत सांगायचीस, ‘‘बिल्डिंग, सिस्टर.’’

पत्रात आधी हवामान लिहावं असं त्याच सिस्टरांनी शिकवलं होतं. ते राहिलं. तर सकाळी थंडी असते, दुपारी ऊन.

तुझं खोकं मिळालं. सोबत तुझ्या कंपनीतला इंजिनिअर अश्वजित आला होता. त्यानं खोकं उघडलं आणि मी आतला थर्मोकोलचा प्रत्येक तुकडा उलटून पाहिला. चिठ्ठी नव्हती. अश्वजितला वाटलं मी स्क्रू शोधते आहे. त्या बिचाऱ्यानं मला एक जास्तीचा दिला.

तू म्हणाली होतीस, ‘‘ताई, बाबा परांचीवरून पडले आणि उरलेलं आयुष्य खाटेवर बसून दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवत राहिले. त्यांच्याच जागेवर, त्यांच्याच नावानं तू पुन्हा माणसं परांचीवर चढवणार असशील, तर मी धामणगावात पाय ठेवणार नाही. तुझ्याशी बोलणारही नाही.’’ दोन्ही गोष्टी तू पाळल्यास. फोन उचलत नाहीस. पण गावातल्या पोरांना अभ्यासाला एक शांत खोली हवी, आणि ती बाबांच्या नावाची हवी, हे माझंही ठरलेलं आहे. भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आहेत. भीमजयंतीला उद्घाटन करायचं आहे. त्या दिवशी तू इथे असावीस एवढीच माझी इच्छा. ती पहिल्याच पत्रात लिहून टाकते, म्हणजे पुढच्या पत्रांत आडून आडून यायला नको.

अश्वजितनं चार कोपऱ्यांत चार कॅमेरे आणि मधल्या खांबावर भोंगा बसवला. मग आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं. हे कॅमेरे माणूस ओळखतात, त्याचं डोकं ओळखतात, डोक्यावर हेल्मेट आहे की नाही ते पाहतात. कोणी उंचावर कडेला गेलं तर कमरेला बेल्ट आहे का ते पाहतात. चुकीच्या माणसाभोवती लाल चौकट काढून फोटो पुण्याला तुझ्याकडे पाठवतात. बरोबर असला तर हिरवी चौकट. आणि लाल झाली की भोंगा बोलतो. ‘‘तिकडून कोणी थेटही बोलू शकतं,’’ तो म्हणाला, ‘‘पण तेवढा वेळ कोणाला असतो?’’

मग त्यानं स्वतःचं हेल्मेट काढून दाखवलं आणि भोंगा म्हणाला, ‘‘कृपया हेल्मेट घाला.’’

समू, आवाज तुझा होता. कंपनीचा आवाज हिंदीत होता म्हणून इथल्यासाठी मॅडमनी स्वतः भरून दिला, असं अश्वजित म्हणाला. मी विटांवर बसून घेतलं. आपल्या लहानपणी शेजारी राहणारी बेबीताई आता इथल्या बायांची मुकादम आहे. ती कमरेवर हात ठेवून भोंग्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘‘समताबाई कृपया म्हणून राह्यल्या? पुण्याच्या पाण्यानं लयच नरम झाल्या वं बाई!’’

तुझी,
मंजूताई


२ डिसेंबर

प्रिय समू,

थंडी वाढली आहे. हवामान संपलं.

तुझ्याकडे काही फोटो आले असतील, त्यांचा खुलासा करते. नुसतं चित्र पाहून गैरसमज होतो.

पहिला, बेबीताईचा. बायका डोक्यावर चुंबळ ठेवतात आणि चुंबळीवर मालाचं घमेलं. आता त्यात हेल्मेट कुठे बसवायचं? तुझा भोंगा दिवसभर तिच्या मागे लागला होता. शेवटी ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तुलाच म्हणाली, ‘‘समताबाई, टोपी घालू का घमेलं घेऊ? डोकं एकच हाय मले.’’ भोंगा म्हणाला, ‘‘कृपया हेल्मेट घाला.’’ बेबीताई म्हणाली, ‘‘पाह्यलं? लहानपणीबी अशीच व्हती. आपलंच खरं.’’ आता बायका रांग करून घमेली हातोहात देतात, स्लॅबच्या दिवशी देतात तशी. डोक्यावर हेल्मेट, हातात घमेलं. माल हळू जातो, पण गप्पांना वेग आला आहे.

दुसरा फोटो तुझ्याकडे आलाच नसेल, कारण त्याला हिरवी चौकट पडली. आपले ठेकेदार गफ्फारभाई रोहिणखेडचे. त्यांनी पिवळी प्लास्टिकची नवी घमेली आणली. कचरूभाऊ गवंडी भाकरी खायला बसला आणि उन्हासाठी त्यानं त्यातलं एक उलटं डोक्यावर घातलं. भोंगा गप्प. गफ्फारभाईंच्या मोबाइलवर त्याच्याभोवती छान हिरवी चौकट, ‘सुरक्षित’. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळी साइट घमेली घालून बसलेली. ‘‘मॅडम,’’ गफ्फारभाई मला म्हणाले, ‘‘तुमच्या बहिणीची मशीन लय हुशार हाय, पर घमेल्यात फसते. बतावू नका तिले.’’

तरी मी सांगते आहे, कारण चूक दुरुस्त व्हायला हवी. पण खरं सांगू? तुझ्या यंत्रानं बाबांनाही हिरवी चौकट दिली असती.

आणखी एक. मंगळवारच्या फोटोत निळी साडी आणि पांढरे केस असलेली, बिनहेल्मेटची एक बाई आहे. ती मी. चष्मा विटांवर राहिला होता, तो आणायला गेले होते. बुधवारच्या फोटोतलीही मीच. चष्माच.

तुझी,
मंजूताई


२१ डिसेंबर

प्रिय समू,

हवामान कोरडं. गावातलं वातावरण मात्र तापलेलं, आणि त्याला कारण तू.

भिंती पुऱ्या झाल्या, स्लॅबसाठी खालून टेकू लावून फळ्या ठोकायला घेतल्या. आता नव्या बांधकामावर नजर लागू नये म्हणून बुजगावणं उभं करतात, हे तुला माहीत आहे. मी विरोध केला. म्हटलं, कचरूभाऊ, आपण कोण, आपण असलं मानतो का? तो म्हणाला, ‘‘आपण नाई मानत बाई. पण लोकाची नजर मानते ना!’’ मी गफ्फारभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘‘मी बी नाई मानत. पर राहू द्या. जागा खात नाई.’’

तर मडक्याचं डोकं, त्यावर चुन्यानं काढलेले डोळे, आत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरलेला शर्ट, असं ते बुजगावणं वरच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, सळईला बांधलं गेलं. दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून काम बंद.

आणि सकाळी तुझ्या कॅमेऱ्याला तो माणूस दिसला. हेल्मेट नाही. बेल्ट नाही. कडेला उभा, आणि बोललं तरी हलत नाही.

‘‘कृपया हेल्मेट घाला. कृपया बेल्ट लावा. कृपया कडेपासून दूर राहा.’’

समू, दिवसभर! बाजाराला आलेली अख्खी पंचक्रोशी आपल्या जागेसमोर जमली. वांग्याच्या पाट्या खाली ठेवून बाया ऐकत होत्या. कोणी विचारलं, ‘‘काऊन बोंबलून राह्यली हे?’’ बेबीताईनं सांगितलं, ‘‘आमच्या समताबाई हायेत पुण्याच्या. थ्या माणसाले समजावून राह्यल्या.’’ ‘‘कोन्त्या माणसाले?’’ ‘‘थ्या मडक्याले.’’ एका म्हातारबुवांना दया आली. त्यांनी खालून बुजगावण्याला हाक मारली, ‘‘अरे, आयक ना बे! बाई इतक्या चांगल्यानं सांगून राह्यली!’’

भोंग्याची किल्ली गफ्फारभाईंच्या खिशात आणि गफ्फारभाई लग्नाला जानेफळला. संध्याकाळी ते आले ते हात जोडतच आले. ‘‘मॅडम, ते चमत्कारिक झालं. लग्नात लोक मोबाइलवर तुमच्या बहिणीचा व्हिडिओ पाहत होते. नवरदेवाले कोणी पाहेना!’’

उपाय त्यांनीच काढला. बुजगावण्याला हेल्मेट घातलं, कमरेला बेल्ट बांधला, बेल्टचा हूक सळईला लावला. लगेच हिरवी चौकट. आमच्या साइटवर नियम तंतोतंत पाळणारा तो एकटाच आहे.

पुन्हा निळी साडी दिसली असेल. चहा द्यायला गेले होते.

तुझी,
मंजूताई


९ जानेवारी

प्रिय समू,

काल अश्वजितचा गफ्फारभाईंना फोन आला. म्हणे, ‘‘मॅडम विचारतात, त्या निळ्या साडीवाल्या बाईंना कोणी समजावत का नाही? साइटवरचे निम्मे लाल फोटो त्यांचेच आहेत.’’ गफ्फारभाई माझ्याकडे बघत फोनवर म्हणाले, ‘‘बाई जराशा विसराळू हायेत, साहेब. वय झालं.’’ फोन ठेवल्यावर मला म्हणाले, ‘‘मी झूठ बोललो तुमच्यासाठी. आता सांगा, हेल्मेट दारातच टांगलेलं हाय, तुमी त्याच्या बाजूनं उघड्या डोक्यानं जाता. काऊन?’’

मी त्यांना उत्तर दिलं नाही. तुला देते.

फोन तू उचलत नाहीस. पत्राला उत्तर नाही. पण इथे हेल्मेट न घालता भोंग्याखालून गेलं की तू बोलतेस. ‘कृपया’ नसतं तर अगदी तुझ्यासारखंच वाटलं असतं. कधी कधी मी खांबापाशी थोडं थांबते, म्हणजे तू दुसऱ्यांदाही बोलतेस. चष्मा माझ्या गळ्यातल्या दोरीला असतो, तो आजवर कुठेही राहिलेला नाही. आणि अश्वजित म्हणाला होता ना, तिकडून थेटही बोलता येतं? मला वाटलं, एखादे दिवशी तू कंटाळशील, चिडशील आणि खरंच बोलशील. चिडलीस तरी चालेल. सिस्टर अ‍ॅग्नेसना हा युक्तिवाद मुळीच पटला नसता.

आता शर्टाबद्दल. मागच्या पत्रात मी घाईघाईनं ‘शर्ट’ एवढंच लिहून पुढे गेले. बाबांच्या ट्रंकेतले जुने कपडे मी बेबीताईला पुसायला म्हणून दिले होते. तिनं त्यातला एक कचरूभाऊला बुजगावण्यासाठी दिला. खाकी, खिशावर ओळंब्याचा घासून पडलेला डाग असलेला. मी वर पाहिलं तेव्हा तो बांधून झाला होता. खाली उतरवा म्हणायला हवं होतं. पण वाऱ्यानं त्याच्या बाह्या हलल्या आणि मला म्हणवेना.

तुझा कॅमेरा इतका चांगला आहे म्हणतात. तू ओळखला असशील.

तुझी,
मंजूताई


३१ जानेवारी

प्रिय समू,

तू सगळं पाहिलंस. तरी मी लिहिते, कारण तुझ्या कॅमेऱ्याला डोळे आहेत, भोंग्याला तोंड आहे, पण कान कशालाच नाहीत. आम्ही काय बोललो ते तुला कळलेलं नाही.

काल स्लॅब होता. सकाळपासून मिक्सर सुरू, बायकांची रांग लागलेली, बेबीताई शेंड्याला. माल त्या कोपऱ्यापर्यंत आला तेव्हा कचरूभाऊच्या लक्षात आलं की बुजगावणं तिथेच उभं आहे, ते काढायला हवं. त्याच्या स्वतःच्या बेल्टची दोरी तिथवर पुरेना. त्यानं हूक सोडला आणि कडेबाहेर आलेल्या फळीवर पाय टाकला.

भोंगा म्हणाला, ‘‘कृपया बेल्ट लावा. कृपया कडेपासून दूर राहा.’’

कोणी मान वर केली नाही. त्या कोपऱ्याकडे बघून तू ओरडतेस, म्हणजे बुजगावण्यालाच, हे गावाला पाठ झालेलं. शिवाय माझ्यामुळे तुझा आवाज दिवसातून इतक्यांदा व्हायचा की मिक्सरचा आवाज आणि तुझा, दोन्ही सारखेच झाले होते. बेबीताईनं रांगेतून हाक दिली, ‘‘कचरूभाऊ, तुमाले बोलून राह्यल्या का हो?’’ कचरूभाऊ हसला आणि बुजगावण्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘मले नाई, यालेच. मी तं हिरवा हाय!’’

आणि मग भोंगा खरखरला.

‘‘कचरूभाऊ! तुम्हालाच! फळीचा खालचा टेकू सरकलाय! हलू नका, आहात तसे खाली बसा! गफ्फारभाई, दोरी टाका! दोरी!’’

त्यात ‘कृपया’ नव्हतं. म्हणूनच सगळे जागे झाले. कचरूभाऊ जागच्या जागी बसला, हातात बुजगावण्याची बाही धरून. मिक्सर बंद पडला. गफ्फारभाई इतक्या वयाचे, पण दोरी घेऊन कसे धावले ते मी पाहिलं. दोरी कचरूभाऊच्या काखेतून गेली, चौघांनी ओढलं, तो आत आला, आणि फळी खाली गेली. तिच्याबरोबर सळईची बांधणी सुटून बुजगावणंही गेलं.

तुझ्या चित्रात काय दिसलं असेल ते मला माहीत आहे. बाबांचा शर्ट घातलेला माणूस खाली पडला. मी तिथेच होते, मला माहीत होतं की आत पऱ्हाट्या आहेत, तरी मी ओरडले. तू तर लांबून पाहत होतीस.

मडकं फुटलं. हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही.

कचरूभाऊ वरच बसलेला होता. बेबीताईनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, ‘‘घ्या, हिरवे व्हा आता.’’ तरी तो हसला नाही, तीच रडायला लागली. मी खाली पडलेल्या शर्टापाशी धावले. धावता धावता भोंगा पुन्हा खरखरला. मग:

‘‘ताई, हेल्मेट घाल.’’

मी दारात परत गेले आणि घातलं. हनुवटीखालचा पट्टासुद्धा लावला. वर कॅमेऱ्याकडे बघून डोक्यावर हात आपटून दाखवलं, हे बघ, घातलंय. माझ्याभोवती पहिल्यांदा हिरवी चौकट पडली म्हणे. गफ्फारभाईंनी मोबाइल दाखवला. मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे रंग कळला नाही.

आणि मग, सगळ्या साइटसमोर, बायकांच्या रांगेसमोर, त्या खांबावरून तू विचारलंस, ‘‘घरात कोण आहे?’’

मी उत्तर दिलं, समू. मोठ्यानं दिलं. भोंग्याला कान नाहीत हे ठाऊक असूनही त्या खांबाला धरून ओरडून दिलं. कचरूभाऊला वाटलं, धक्क्यानं माझं काहीतरी बिघडलं. तुला ते ऐकू गेलं नसणार. म्हणून इथे लिहिते.

गवंड्याची पोर आहे. घर व्हायचंय अजून.

तुझी,
मंजूताई


२० मार्च

प्रिय समू,

ऊन फार आहे. छत्री आण.

हो, आण, कारण अश्वजितनं गफ्फारभाईंना सांगितलं, गफ्फारभाईंनी बेबीताईला आणि बेबीताईनं सगळ्या गावाला, की मॅडमनी जयंतीच्या आठवड्याची रजा टाकली आहे. मला कोणी सांगितलं नाही. मला म्हणे आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे. मी धक्का बसल्यासारखं करीन. तुझा फोन अजून येत नाही तो याचसाठी, हेही मी समजून घेतलं आहे.

टेकू काढले, स्लॅब पक्का झाला, गिलावा चालू आहे. आता कामाचं सामान उरलं, त्याची वाटणी लिहून ठेवते. तू आलीस की आपण दोघी बोलतच बसू आणि हे राहून जाईल.

कॅमेरे आणि भोंगा गफ्फारभाईंच्या रोहिणखेडच्या नव्या कामावर जाऊ देत. त्यांनी स्वतः मागितले. मात्र त्यांची अट आहे, ‘कृपया’ काढून टाकायचं. ‘‘कृपयावर कोणी ऐकत नाई, मॅडम. त्यांनी त्या दिवशी ओरडल्या तसं भरून द्या म्हणा.’’ तेवढं नवं भरून दे. पिवळ्या घमेल्याचीही व्यवस्था कर.

बुजगावण्याचं हेल्मेट कचरूभाऊला. त्याच्याकडे स्वतःचं आहे, पण त्याला तेच हवं. म्हणतो, ‘‘माह्या वाट्याचं थो पडला.’’

निळी साडी बेबीताईला. मी नवी देणार होते. ती म्हणाली, ‘‘नको, थेच द्या. कॅमेऱ्याले ओळखीची हाय.’’

बाबांचा ओळंबा अभ्यासिकेच्या दाराशी खिळ्याला टांगायचा, पोरांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर. दोरी नवी घातली आहे.

माझे लाल चौकटीतले सगळे फोटो तुझ्याकडे राहू देत. पुसू नकोस. त्यातल्या प्रत्येकात मी तुझं बोलणं ऐकत उभी आहे.

शर्ट धुऊन, खिशावरचा डाग तसाच ठेवून, घडी घातली आहे. तो तुझा.

लोखंडी घमेलं मात्र मी कोणाला देणार नाही. ते ट्रंकेच्या तळाशी सापडलं, कड थोडी गंजली आहे. तू फाटकातून आत येशील तेव्हा मी ओट्यावर ते डोक्यावर घालून बसलेली असेन. चमचा दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवला आहे, तो घे आणि वाजव.

तुझी,
मंजूताई